ट्युशन लावली, तरी गणित का सुटत नाही?

“मॅडम, दोन ट्युशन लावल्या तरी मार्क वाढेनात. अजून एक लावू का?” बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले पालक दहावीच्या वर्षी मला हे हमखास विचारतात. अशाच एका मुलाची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा मराठी शाळेतला. सकाळी साडेसहाला गणिताची ट्युशन, मग शाळा, संध्याकाळी विज्ञानाची ट्युशन. घरी पोचायला साडेआठ. सहामाहीला गणिताच्या लेखी पेपरात ८० पैकी २७. आई म्हणाली, “दिवसभर अभ्यासच करायलाय की तो.”

ट्युशनची वही सुबक होती, एकही खाडाखोड नाही. मला खटकली ती हीच गोष्ट. वहीतलंच गणित कोऱ्या कागदावर दिलं: ५, ८, ११… या श्रेढीतल्या पहिल्या २० पदांची बेरीज. सूत्र आलं, पण त्यातल्या ‘पदांपेक्षा एक कमी’, म्हणजे १९ च्या जागी त्यानं २० घेतले. उत्तर काढलं ७००, वहीत ६७०.

“कुठं चुकलं?”

तो बराच वेळ गप्प. “सर फळ्यावर सोडवतात तेव्हा कळतंय, मॅडम. बघितलं की सगळं येतंय.”

“आणि न बघता?”

“न बघता कधी केलंच नाही.”

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. फळ्यावरचं ओळखीचं वाटणं वेगळं आणि स्वतः आठवून मांडणं वेगळं. पेपरात लागतं ते हे आठवून मांडणं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. माझा भर म्हणूनच तासांपेक्षा आठवण्यावर असतो.

त्याला चारच पदं मांडायला लावली आणि मधल्या उड्या मोजायला सांगितल्या. तीन. चेहरा उजळला. “म्हणजे पदं वीस, उड्या एकोणीस!” आता हा १९ त्याचा स्वतःचा होता.

तिसरी ट्युशन लावली नाहीच, संध्याकाळचीही सोडली. वडील नाराज झाले, फी भरली होती. तो वेळ असा वापरला: सकाळी शिकलेल्यातली पाच गणितं त्याच संध्याकाळी वही मिटून सोडवायची. अडलं तिथं लाल खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच विचारायचं. खुणेची गणितं तिसऱ्या दिवशी आणि मग आठवड्यानं पुन्हा, तीही न बघता. पहिले पंधरा दिवस चुका भरपूर होतात, मुलं घाबरतात आणि पालक पुन्हा ट्युशन शोधू लागतात. तेवढे दिवस धीर धरावा लागतो. पूर्वपरीक्षेला तो ४९ वर आला.

आणखी एक गोष्ट हिशेबातून सुटते. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या, ६२५ गुणांपैकी १२५ एकट्या प्रथम भाषेचे (या मुलांची मराठी), इतर विषय शंभराचे. मराठीची ट्युशन नसते, म्हणून घरी तिला वेळच मिळत नाही. या मुलानं रविवारची सकाळ तिला दिली.

सगळ्याच ट्युशन वाया जात नाहीत. लहान बॅच, मुलाची वही तपासून चूक दाखवणारे सर, शंका मराठीत विचारता येणं, एवढं असेल तर जरूर ठेवा. मराठी, कन्नड, इंग्रजी माध्यमांची चाळीस मुलं एकत्र असतील, तर फी भरण्याआधी सरांना विचारा: “माझ्या मुलानं स्वतः सोडवलेलं आठवड्यातून किती वेळा तपासणार?”