दोघांची नोकरी, थोरला पहिलीत, धाकटी पाळणाघरात आणि बायकोचा अभ्यास: हे वर्ष निभेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघेही नोकरी करता, मुलगा यंदा पहिलीत गेलाय, अकरा महिन्यांची मुलगी पुढच्या महिन्यात पाळणाघरात जाणार आणि त्यातच बायकोने अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम पुन्हा हाती घेतलाय. तुम्ही तासातासाचं वेळापत्रक आखलंय आणि विचारताय, हे झेपेल का.

झेपेल. वेळापत्रक मात्र पहिल्या पंधरवड्यातच मोडेल. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जवळपास हाच मामला होता. मी तर तीन रंगांच्या पेनांनी तक्ता आखला होता, त्यामुळे तो मोडला तेव्हा जरा जास्तच जिव्हारी लागलं.

तुमच्या तक्त्यात आजारपण कुठेच दिसत नाही. एरवी ठणठणीत असलेल्या लहान मुलालाही वर्षात ६ ते ८ वेळा सर्दी होते. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात तर त्याहूनही जास्त वेळा. एक सर्दी आठ-दहा दिवस चालते, मागून खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. करा हिशोब: आठ सर्द्या, प्रत्येकी नऊ दिवस, म्हणजे ७२ दिवस नाक वाहतंच आहे. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला बायकोने घाबरून डॉक्टरांना विचारलं, हिची प्रतिकारशक्ती कमी आहे का? ते म्हणाले, कमी नाही, आत्ता कुठे तयार होतेय.

शिवाय ते एकटीवर थांबत नाही. तिच्याकडून थोरल्याला, त्याच्याकडून मला. उलट्या-जुलाबांची साथ घरात शिरली तर हात साबण-पाण्यानेच धुवा. ही साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरची मात्रा फारशी चालत नाही. आणि शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास मुलाला घरीच ठेवायचा सल्ला सहसा दिला जातो. म्हणजे पोर घरभर उड्या मारत असतं आणि तुमची रजा खर्ची पडत असते.

आम्ही रजा सहलीसाठी राखून ठेवल्या होत्या. पाचव्या महिन्यात संपल्या.

मग एक सवय लावून घेतली. रविवारी रात्री मुलं झोपली की दोघांचे फोन टेबलावर ठेवायचे आणि पुढच्या आठवड्याचा एकेक दिवस घेऊन ठरवायचं, या दिवशी पाळणाघरातून फोन आला तर कोण निघणार. दहा मिनिटं लागतात. हे फोन आल्यावर ठरवायला गेलात, तर ज्याचा साहेब कडक त्याचं काम महत्त्वाचं ठरतं आणि दर वेळी एकच माणूस धावतो. तो माणूस कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा दिलाय तेही बघा. आम्ही माझा दिला, तरी फोन तिलाच जायचा. मी दोनदा जाऊन सांगितलं तेव्हा कुठे बदललं.

आता मुख्य गोष्ट. मला मनापासून वाटायचं की घरातलं निम्मं काम मी करतो. भांडी माझी, कपडे माझे, सकाळी दोघांना सोडणं माझं. एका रात्री साडेदहाला थोरल्याचं दप्तर भरताना डायरी उघडली. त्यात लिहिलेलं, ‘उद्या पांढरा टी-शर्ट’. बायको पलीकडे पुस्तक उघडून बसली होती, परीक्षा आठवड्यावर आलेली. मी विचारलं, “पांढरा टी-शर्ट कुठंय गं?”

मान वर न करता ती म्हणाली, “खालच्या खणात, डावीकडे. पण तो त्याला तोकडा झालाय.”

“मग आधी सांगायचंस ना. मी आणला असता.”

तिने पुस्तकात पेन घालून ते मिटलं. “अरे, सांगणं हेच तर काम आहे.”

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण बोलण्यासारखं काही सापडेना. शर्ट तोकडा झालाय हे तिला दिसलं होतं, कपडे धुऊन वाळत मी घालत असूनही. तो कधी लागेल, नवा कधी आणायचा, हे सगळं तिच्या डोक्यात, अभ्यासाच्या शेजारी बसलेलं. माझ्या निम्म्यात यातलं काहीच नव्हतं. मी फक्त सांगितलेलं करत होतो, तेही हौसेने.

त्यानंतर आम्ही अख्खी खातीच वाटून घेतली. शाळा माझ्याकडे: डायरी, वर्गाचा ग्रुप, गणवेश, पालकसभा, कुणाचा वाढदिवस, कोणता दात हलतोय. दवाखाना, लसी आणि धाकटीचे कपडे तिच्याकडे. ज्याचं खातं त्याने लक्षात ठेवायचं, दुसऱ्याने आठवण करायची नाही. आणि दुसऱ्याच्या पद्धतीला नावं ठेवायची नाहीत. हे दुसरं जास्त अवघड. पहिल्या महिन्यात मी दोनदा चुकलो. एकदा वर्गातली सगळी मुलं रंगीत कपड्यांत आणि आमचा एकटा गणवेशात. संध्याकाळी रडला. तिला आदल्या दिवशीच माहीत होतं, पण ठरल्याप्रमाणे गप्प राहिली. तिने सांगायला हवं होतं का, यावर आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं, हवं होतं. पोराने का भोगावं? पण त्यानंतर मी डायरी एक दिवसही चुकवली नाही, हेही खरं.

मुलगा पहिलीत गेला की पहिले दोन-तीन महिने संध्याकाळी घरात स्फोट होतील. शाळेत दिवसभर शहाण्यासारखं बसून साठलेलं सगळं घरी निघतं. आमच्याकडे मोज्यावरून निघालं. बोटांवर येणारी शिवण टोचते म्हणून तो दारातच बसला, मोजा काढला, उलटा घातला, पुन्हा काढला आणि भोकाड पसरलं. मी मोज्याशी झुंजत बसलो. खरं तर मोज्याचा काही संबंध नव्हता, त्याला झोप कमी पडत होती. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, त्याआधीच्या तीन वर्षांत दुपारची धरून १० ते १३. सकाळी साडेसहाला उठवायचं तर साडेआठला अंथरुणात. म्हणजे उठायच्या वेळेवरून मागे मोजायचं. आम्ही ते उरलेल्या वेळावरून ठरवत होतो. आणि दारातच ‘आज काय काय झालं शाळेत?’ असं विचारू नका. दिवे मालवल्यावर आपोआप सांगतो.

धाकटीचं वय पाळणाघरासाठी जरा आडनिडं आहे. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत मुलांना आई-बाबा नजरेआड झालेले सोसत नाहीत. दिसत नसलेलं माणूस कुठेतरी आहे हे कळू लागलेलं असतं, ते परत येईल हे अजून कळत नाही. तेव्हा ती रडेल. तिची नजर चुकवून सटकू नका. मी आठवडाभर सटकलो आणि मग ती घरीही, मी नुसता बाथरूमकडे निघालो तरी पायाला मिठी मारायची. एक ठरलेलं वाक्य, एक पापी आणि सरळ निघायचं. वळून बघायचं नाही. पहिले दोन दिवस कोपऱ्यावर थांबून मी रडण्याचा आवाज ऐकला. तेही करू नका, ऑफिसात दिवसभर डोकं चालत नाही.

बायकोच्या अभ्यासाचं म्हणाल तर घरात तो होत नाही. दार लावलं तरी फटीतून ‘आई’ ऐकू येतं. ती दर शनिवारी सकाळी चार तास वाचनालयात जायची आणि मी तिला फोन करायचा नाही, असं ठरलं होतं. मोडलं फक्त एकदा, औषधाची बाटली सापडेना म्हणून. ती फ्रीजच्या दारातच होती.

इस्त्री, झटकलेले पडदे, रोजचं आवरलेलं घर, प्रत्येक निमंत्रणाला हजेरी, हे आम्ही वर्षभरासाठी सोडून दिलं. कुणाचं काही बिघडलं नाही. एक नातेवाईक रुसले होते, नंतर आले.

अजून महिना हातात आहे तर एक करा. पाळणाघर ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीच सुरू करा: पहिल्या दिवशी तुमच्यापैकी एकजण सोबत बसून तासभर, मग एकटीला तासभर, मग अर्धा दिवस. आणि या खेपेला सोडायला तुम्ही जा. बायकोने जाऊ नये असं नाही, पण नाहीतर ते खातंही न बोलता तिच्याच नावावर चढेल.