मुलगा दार लावून बीट्स करतो, बोलत काहीच नाही

प्रश्न: आम्ही शिकागोजवळ राहतो. माझे वडील पुण्यात वारले तेव्हा परीक्षेमुळे मुलाला नेता आलं नाही. तो पंधरा वर्षांचा आहे. तेव्हापासून गप्प असतो, शाळेतून आला की हेडफोन लावून लॅपटॉपवर बीट्स, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं संगीत, करतो. परवा त्यात माझ्या बाबांचा आवाज ऐकला आणि हबकलेच. हे म्हणतात, रॅप म्हणजे शिव्या, लॅपटॉप काढून घे.

उत्तर: ताई, लॅपटॉप अजिबात काढून घेऊ नका. आजोबांच्या एखाद्या व्हॉइस मेसेजचा तुकडा त्याने बीटमध्ये बसवलेला दिसतो. याला सॅम्पलिंग म्हणतात. तो तुकडा नीट बसवायचा तर पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. शब्द कुठे तोडायचा, मधला श्वास ठेवायचा की काढायचा, मागे ड्रम किती हळू ठेवायचे, हे सगळं त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. आजोबांना निरोप देताना त्याला हजर राहता आलं नव्हतं. ते राहून गेलेलं तो आता करतो आहे, असं मला वाटतं.

गाण्यातून दुःखाला वाट द्यायचा हा उपाय माझ्या डोक्यातून आलेला नाही. रॅप ज्यात येतं त्या हिप-हॉपचा जन्म जिथे झाला, त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये इयन लेव्ही या शाळा-समुपदेशकाने मुलांना स्वतःचं दुःख, राग लिहायला आणि रेकॉर्ड करायला लावून समुपदेशन केलं. त्याच्याही आधी, १९९०च्या दशकात, एडगर टायसन या समाजकार्यकर्त्याने ‘हिप-हॉप थेरपी’ची मांडणी केली होती. मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, पण गाणं करताना शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतात.

तेव्हा तुम्हीही शेजारी बसा. ‘काय वाटतं तुला?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘हा आवाज कुठून घेतलास?’ एवढं विचारा. तुमच्या फोनमधले बाबांचे आणखी मेसेज द्यायची तयारी दाखवा. मात्र ‘मावशीला पाठवू?’ असं त्याच क्षणी म्हणू नका, नाहीतर पुढचं काही ऐकवणार नाही. ओळींत शिवी आली तर पहिल्या खर्ड्यापुरती येऊ द्या. आणि यजमानांना मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटातल्या एमसी मवालीचं मराठी रॅप ऐकवा. नुसत्या शिव्या नाहीत, हे त्यांचं त्यांनाच कळेल.

बीट्स हा सगळ्यावरचा इलाज मात्र नाही. खाणं-झोप बिघडली, मित्र तुटले, तर डॉक्टरांकडे किंवा शाळेच्या समुपदेशकाकडे जा. ओळींत मरणाची भाषा आली तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो.

शिकागोत हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत ‘यूमीडिया’ हा हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठीचा विभाग आहे. तिथे रेकॉर्डिंग स्टुडिओ मोफत वापरता येतो, शिकवायला माणसं असतात. वेळा विचारून घ्या, आणि सोडायला यजमानांना पाठवा.