डॉक्टरांना खरं सांगितलं तर फाईलवर लिहितील ना?

पिण्याबद्दल डॉक्टरांना खरं सांगावं का, हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत सतत येतो. असेच एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), पन्नाशीला टेकलेले. झोप लागत नाही म्हणून आले होते. बोलता बोलता कळलं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. तपासणीत भूलतज्ज्ञांनी "ड्रिंक्स घेता का?" विचारल्यावर त्यांनी ठोकून दिलं होतं, "कधीतरी, लग्नाबिग्नात." शेजारी बायको बसलेली.

खरं प्रमाण होतं रोज 180 मिली व्हिस्की, तेही बरीच वर्षं. बायकोला एखाद-दुसरा पेग माहीत होता.

"मॅडम, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी बंदच करणार आहे. मग सांगायची गरज काय?"

मला धास्ती वाटली ती नेमकी या बेताची. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की शरीर बिथरतं. पहिल्या दिवसभरात हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधड होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. त्यातलं सगळ्यात गंभीर रूप, म्हणजे भ्रम होणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप चढणं, हे साधारण 48 ते 72 तासांनी सुरू होतं आणि जिवावर बेतू शकतं. सगळ्यांनाच असं होत नाही. पण यांच्या हिशेबाने तो काळ बरोबर ऑपरेशनच्या आसपास येत होता. तेव्हा ते बरळायला लागले असते, तर डॉक्टर इन्फेक्शन शोधत बसले असते, भुलीला दोष देत बसले असते. आधी माहीत असेल तर औषधं देऊन हे टाळता येतं.

ते गप्प झाले. मग खरी भीती बाहेर आली. "फाईलवर लिहितील. मी दारुडा ठरेन."

डॉक्टर प्रवचन देतील ही भीती खोटी नाही. तसे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यामुळेच माणसं तोंड मिटतात असं माझं स्पष्ट मत आहे. पण बहुतेक वेळा हा प्रश्न मधुमेह आहे का, सिगारेट ओढता का, याच ओळीत येतो. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा, किती, थांबवता येतं का, असं साधंच विचारते. कुणाचं चारित्र्य मोजण्यासाठी ती नाही. विम्याची धाकधूकही होतीच. मी एवढंच म्हटलं, की लपवलेलं नंतर उघड झालं तर क्लेमचा तिढा जास्त वाढतो.

उरली बायको. त्यावर उपाय सोपा होता: "मला दोन मिनिटं तुमच्याशी एकट्याने बोलायचंय," असं डॉक्टरांना सांगायचं. पुढचं वाक्य आम्ही घोटून घेतलं. आधी ते "थोडीफार होते" म्हणाले. मी अडवलं. थोडीफार म्हणजे डॉक्टरांना काहीच कळत नाही. 30 मिलीच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे यांचं रोजचं साठ ग्रॅम. शेवटी वाक्य ठरलं: "रोज 180 मिली व्हिस्की घेतो, इतकी वर्षं झाली, शेवटची काल रात्री घेतली, आणि सकाळी हात थरथरतात." थरथरीचं त्यांनी मलाही तोवर सांगितलं नव्हतं. मी बजावलं, डॉक्टरांना भेटेपर्यंत मनाने एकदम बंद करू नका.

भूलतज्ज्ञांनी ऐकून घेतलं, चारदोन प्रश्न विचारले, लिव्हरच्या तपासण्या लिहून दिल्या. ऑपरेशन तातडीचं नव्हतं, म्हणून काही आठवडे पुढे ढकललं आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. देखरेखीखाली औषधं देऊन दारू सोडवली, सोबत बी-1 जीवनसत्त्वही सुरू केलं. प्रवचन झालं नाही म्हणून गृहस्थ जरा चक्रावलेच होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. बायकोला खरा आकडा अजून सांगितलेला नाही. पुढच्या भेटीला तिला घेऊन येतो म्हणालेत.