जिममधले पहिले तीन महिने : तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत नुकतीच जिम लावलेल्यांचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत, म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच.

प्रश्न : वय २४, नाशिक. पंधरा दिवसांपूर्वी जिम लावली. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असं सहा दिवसांचं वेळापत्रक मिळालं आहे. सोबतची मुलं माझ्या दुप्पट वजन मारतात. मी किती वजनापासून सुरुवात करू?

आधी ते सहा दिवसांचं वेळापत्रक बाजूला ठेवा. मुरलेल्या लोकांना ते चालतं. नवख्याला एकच हालचाल आठवड्यातून दोन-तीनदा करायला मिळाली तर ती अंगवळणी पडते. या सोमवारचा बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) थेट पुढच्या सोमवारी आला, की पुन्हा पहिल्यापासून शिकणं आलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस जा आणि दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करा : स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस किंवा पुशअप, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) किंवा लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे खाली ओढणं), पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचा रोमानियन डेडलिफ्ट, डंबेलचा शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) आणि शेवटी प्लँक (कोपरं आणि पायांची बोटं टेकून अंग सरळ धरून ठेवणं). प्लँक सोडून प्रत्येकाचे दोन-तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (म्हणजे तीच हालचाल सलग तितक्या वेळा) आणि मध्ये दीड-दोन मिनिटं दम खा. सुरुवातीला पाच-सात मिनिटं भरभर चाला आणि प्रत्येक व्यायामाचा पहिला सेट अगदी हलक्या वजनाने करा, एवढा वॉर्मअप पुरतो.

आता वजन. सेट संपल्यावर ‘अजून दोन-तीन नीट निघाले असते’ असं वाटलं पाहिजे. पहिले तीन महिने असं हातचं राखूनच थांबायचं. चकत्या लावायचा मोठा बार नुसताच २० किलोचा असतो, आणि पहिल्या दिवशी पुष्कळांना तोही जड जातो. मग डंबेल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सगळ्या सेटमध्ये १२ रेप्स स्वच्छ निघू लागल्या की वजन थोडंसं, फार तर अडीच किलो, वाढवायचं आणि पुन्हा ८ पासून वर चढायचं. यासाठी वही ठेवा. आज काय उचललं हे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या वेळी अंदाजपंचे काम होतं.

एवढा आग्रह का, तेही सांगते. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. पण त्यात स्नायू वाढण्याचा वाटा थोडा असतो. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकलेले असतात. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. अंगात जोर आल्यासारखं वाटतं, वजन भराभर वाढवलं जातं आणि दोन-तीन महिन्यांत खांदा किंवा कोपर धरतं. तेव्हा सोबतची मुलं किती उचलतात यापेक्षा कसं उचलतात ते पाहा. बार छातीवर आपटून वर उडवला जात असेल, तर तिथे शिकण्यासारखं काही नाही.

प्रश्न : वय ३३, कोल्हापूर. वजन कमी करायचं आहे, पण डंबेल उचलले तर अंग पुरुषी दिसेल अशी भीती वाटते. नुसती ट्रेडमिल चालेल का?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलले, तेव्हा त्या ४९ किलो वजनगटात होत्या. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळे आठवड्यातल्या तीन तासांनी दंड फुगत नाहीत.

नुसती ट्रेडमिल आणि कमी खाणं यांनी वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. शिवाय रजोनिवृत्तीनंतर हाडं वेगाने विरळ होतात, आणि त्यांची बेगमी आत्तापासून करावी लागते. हाडांवर भार आला तरच ती टिकतात. म्हणून चाला जरूर, पण वजनंही उचला. महिनोन्‌महिने तेच एक-एक किलोचे डंबेल हातात देणाऱ्या ट्रेनरला स्पष्ट सांगा की मला वजन वाढवायचं आहे.

प्रश्न : वय २९, बदलापूर. पहिल्या दिवशी पायांचा व्यायाम केला, तीन दिवस जिना उतरता येत नव्हता. दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला का?

नाही. अंग आंबतं ते सवय नसलेल्या हालचालीमुळे, त्यातही वजन खाली आणताना स्नायू ताणले जातात त्यामुळे. ते एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवतं आणि आपोआप ओसरतं. हलकं चालणं-फिरणं चालू ठेवा. तीन दिवस जिना उतरता आला नाही याचा अर्थ काम जास्त झालं. पुढच्या वेळी सेट निम्मे करा.

व्यायाम करतानाच सांध्यात कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं. आणि अंग सुजून लघवी कोलासारखी गडद झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. स्नायू फार मोठ्या प्रमाणावर तुटले, तर मूत्रपिंडावर त्याचा परिणाम होतो.

प्रश्न : शाकाहारी आहे, वजन ६० किलो. प्रोटीन पावडरशिवाय भागेल?

भागेल, पण आहे त्या ताटावर नाही. तुम्हाला दिवसाला साधारण ७० ते ९५ ग्रॅम प्रथिनं लागतील. चार पोळ्या, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, हे सगळं मिळून पन्नासच्या आसपास जातं. नुसत्या वरण-भातावर तर तेवढंही होत नाही. त्यात १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८ ग्रॅम) किंवा ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (सुमारे २५ ग्रॅम) यांपैकी एक रोज आलं की हिशेब जुळतो. सोया चंक्स मटकीच्या उसळीत सहज खपतात आणि पनीरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधातलंच प्रथिन, तिला घाबरायचं कारण नाही. घरचं जेवण सांभाळता येत नसेल तर एक स्कूप घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. वजनं उचलल्याने उंची खुंटते का?

खुंटत नाही. समोर जाणकार उभा असेल आणि वजन हलकं असेल तर हरकत नाही. आधी जोर, बैठका, पुल-अप्स नीट येऊ देत. ‘एकदाच किती उचलतो बघू’ ही मित्रांमधली चढाओढ मात्र बंद ठेवा. वाढत्या हाडांना इजा होते ती अशातून. आणि रात्री त्याचा मोबाइल काढून घ्या, या वयात आठ तास झोप हवीच.

प्रश्न : वय ५८, पुणे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता वजनं उचलावीत का?

उचलावीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, आणि तुमच्या वयात तो जास्तच गरजेचा आहे. मात्र रक्तदाब आटोक्यात आहे याची डॉक्टरांकडून आधी खात्री करून घ्या.

मग एक गोष्ट कटाक्षाने पाळा : श्वास कोंडायचा नाही. वजन ढकलताना किंवा उचलताना श्वास सोडा, परत आणताना घ्या. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप्स, हलकं रोइंग, इथून सुरुवात करा. गोळी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी) असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, ते पाहा. छातीत दाबल्यासारखं झालं, किंवा हात वा जबडा दुखू लागला, तर थांबा आणि कुणाला तरी सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा. आडवं होऊन केलेल्या व्यायामानंतर झटकन उठू नका. आधी बसा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग उभे राहा.