ओव्हनशिवाय रंगीत साखरेचे पॉपकॉर्न: लिंबू पिळू नका, पाकाची परत साखर होऊ द्या

तुमचा प्रश्न असा आहे की मुलीच्या सातव्या वाढदिवसाला जत्रेत मिळतात तसे गुलाबी-पिवळे-हिरवे साखरेचे पॉपकॉर्न घरी करायचे आहेत. ओव्हन नाही आणि वेळही फार नाही. एकदा करून पाहिले तेव्हा पाकात लिंबू पिळलं होतं. सगळ्याचा एक चिकट गोळा झाला आणि पॉपकॉर्न आकसून बसले. नेमकं काय चुकलं?

चुकलं ते लिंबू. आणि पाक लवकर उतरवला असणार.

लिंबू पिळायची सवय आपल्याला गुलाबजामच्या पाकामुळे लागलेली आहे. तिथे पाक दुसऱ्या दिवशीही पातळ राहावा, तळाशी साखर धरू नये, म्हणून आपण चार थेंब टाकतो. लिंबातल्या आंबटामुळे साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ही दोन्ही मिसळली की साखरेचे कण परत जुळत नाहीत. गुलाबजामला तेच हवं असतं. पॉपकॉर्नवर मात्र ते कण परत जुळायलाच हवेत. फ्रुक्टोज हवेतला ओलावाही भराभर ओढतं, त्यामुळे लिंबू घातलेला पाक सुकल्यासारखा वाटला तरी तासाभरात बोटाला चिकटायला लागतो.

साखरेचं आवरण दोन तऱ्हेचं असतं. एक चिक्कीसारखं, पारदर्शक, काचेसारखं चकचकीत. त्यासाठी पाक 150 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो. चिक्कीवाले थेंब थंड पाण्यात टाकून ताटलीवर आपटतात आणि तो टण् वाजला की पाक झाला म्हणतात, तो हा कडक पाक. दुसरं साखरफुटाण्यासारखं: रवाळ, कोरडं, फिक्या रंगाचं, एकेक दाणा सुटा. पंढरपूरहून प्रसाद आला की चुरमुऱ्यांत जे गुलाबी-पांढरे साखरफुटाणे असतात, ते डोळ्यासमोर आणा.

तुम्ही हे दुसरं करा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. काचेसारखं आवरण दिसायला सुंदर असतं, पण त्यात साखर गोठलेली असते, तिचे स्फटिक झालेले नसतात. अशी साखर दमट हवेत लगेच पाझरते. मी ठाण्यात राहते, इथे जून ते सप्टेंबर चकचकीत पॉपकॉर्न डब्याबाहेर अर्धा तासही टिकत नाहीत. रवाळ साखरेला हवेचा इतका त्रास होत नाही. शिवाय पाक फार तापवावा लागत नाही, म्हणून करपण्याची भीती कमी आणि काम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं.

एका रंगाच्या एका घाण्याचं माप: पॉपकॉर्नचा मका 70 ग्रॅम, म्हणजे साधारण पाच मोठे चमचे. साखर 200 ग्रॅम. पाणी चार मोठे चमचे, त्याहून जास्त नको. तूप एक लहान चमचा, मीठ एक चिमूट, आणि लाह्या फोडायला दोन मोठे चमचे तेल. एवढ्यात अडीच लिटरचा डबा भरेल. प्रमाण दुप्पट करून एकदम उरकायला जाऊ नका, कारण पाक सगळीकडे लागायच्या आधीच त्याची साखर होऊन बसते. तीन रंग तर तीन घाणे.

मका दुकानात ‘पॉपकॉर्नचा मका’ म्हणूनच मागायचा. आपल्या भाजायच्या कणसाचे दाणे वाळवले तरी ते असे फुलत नाहीत. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॉपकॉर्नच्या दाण्याचं टरफल फार घट्ट असतं आणि आत साधारण 14 टक्के पाणी असतं. दाणा 180 अंशांच्या आसपास तापला की त्या पाण्याच्या वाफेचा दाब टरफलाला पेलवत नाही, ते फाटतं आणि आतला मऊ झालेला स्टार्च फेसासारखा बाहेर उसळून तिथेच सुकतो. म्हणूनच जुना, वाळून कोळ झालेला मका फुटत नाही. पाकीट महिनाभर उघडं राहिलं असेल तर वाढदिवसासाठी नवं आणा.

जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये तेल तापवून आधी तीनच दाणे टाका. (कुकर घेतलात तर त्याचं झाकण लावायचं नाही, साधी ताटली ठेवायची.) ते तीन फुटले की बाकीचे टाकून अर्धा मिनिट गॅसवरून खाली घ्या, परत ठेवा. त्यामुळे सगळे सारखे तापतात आणि जवळजवळ एकदम फुटतात. ताटली एका बाजूने किंचित उघडी हवी, वाफ निघून गेली पाहिजे. आत कोंडलेल्या वाफेने लाह्या चामट होतात आणि चामट लाही पाकात पडली की आकसलीच. तुमच्याकडे हेही झालं असण्याची शक्यता आहे. दोन फुटण्यांमधे दोन-तीन सेकंद जायला लागले की गॅस बंद करा आणि लाह्या लगेच परातीत पसरा.

आता एक काम न चुकता करायचं: परात हलवून वरच्या लाह्या हातांनी उचलून घ्या आणि तळाशी राहिलेले गणंग टाकून द्या. साखरेचं आवरण चढल्यावर न फुटलेला दाणा ओळखू येत नाही आणि सात वर्षांच्या मुलीचे दुधाचे दात पडायच्या वयात असे कडक दाणे दाताखाली यायला नकोत.

पाकासाठी साखर, पाणी, मीठ आणि तूप मोठ्या कढईत एकत्र करा. लाह्या नंतर याच कढईत ढवळायच्या आहेत, तेव्हा तुमच्या घरातली सगळ्यात मोठी घ्या. साखर विरघळेपर्यंत मंद आच, मग मध्यम. विरघळल्यावर रंग घालायचा.

पाकाकडे नीट बघत उभं राहायची हीच वेळ आहे. सुरुवातीचे बुडबुडे बारीक, घाईचे, पाण्यासारखे फुटणारे असतात. मग ते मोठे होतात, जडपणे वर येतात आणि एकावर एक रचल्यासारखे दिसतात. आवाजही खाली जातो. तेव्हा वाटीतल्या थंड पाण्यात एक थेंब टाकून बोटांनी गोळा करून बघा. पाण्यात विरघळून गेला तर अजून अवकाश आहे. मऊ गोळी वळली आणि दाबल्यावर चपटी झाली, तर गोळीबंद पाक झाला. थर्मामीटर असेल तर 118 ते 120 अंश. एकतारीवर उतरवलात तर पाकात इतकं पाणी असतं की लाही ते कापसासारखं शोषून घेते आणि पिचकते. तुमचे पॉपकॉर्न आकसले ते बहुधा इथेच.

गोळी वळली की गॅस बंद करा. वेलचीपूड किंवा गुलाबाचा इसेन्स आत्ताच घालायचा, उकळत्या पाकात घातलेला वास उडून जातो. मग सगळ्या लाह्या एकदम ओता आणि दोन हातांत दोन उलथणी घेऊन खालून वर, खालून वर उलटत राहा. पहिलं मिनिट सगळं ओलं, लोंबतं, गोळा होतोय असंच दिसेल. हात थांबवू नका. दुसऱ्या मिनिटाला कढईच्या कडेला पांढुरका रवा दिसू लागतो, लाह्यांवरची चकाकी विझते आणि मघाशी चप् चप् करणारी उलथणी खर खर वाजायला लागतात. तिथून पुढे अर्ध्या मिनिटात एकेक लाही सुटी होते. ढवळल्यानेच साखरेचे कण जुळतात, म्हणून इथे ढवळण्यात कसूर नको.

तीन मिनिटं झाली तरी चकाकी गेली नाही, तर एक चमचा पिठीसाखर भुरभुरवा. त्या बारीक कणांना धरून बाकीचा पाक जमायला लागतो. साखर झाली पण हाताला ओलसर लागते आहे, असं असेल तर अगदी मंद आचेवर एक-दोन मिनिटं परता. मग परातीत पसरून पूर्ण गार करा.

ज्यांनी संक्रांतीचा काटेरी हलवा घरी केलेला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. माझी आजी परातीत तीळ घेऊन, खाली निखाऱ्यांची धग ठेवून, चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी फिरवत बसायची. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही. हलव्याला दिवसच्या दिवस लागतात, आपल्याला एकच थर हवा आहे, पण साखर जमण्याची रीत तीच. तिच्या पाकात लिंबाचा थेंब कधी पडला नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मुलांना द्यायचं आहे. पाकात रंग दिसतो त्यापेक्षा लाहीवर बराच फिका उतरतो, कारण रवाळ साखर दुधी दिसते. त्याला घाबरून जास्त रंग घालू नका. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि ज्या पदार्थांत ते चालतात त्यांतही किलोमागे साधारण 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्या एका घाण्याला हे प्रमाण फार तर 27 मिलिग्रॅम येतं. म्हणून दात कोरायच्या काडीचं टोक बुडवून जेवढा जेल रंग येतो तेवढाच घ्या. सुटा, कागदाच्या पुडीत बांधून दिलेला रंग अजिबात घेऊ नका. पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव असलंच पाहिजे.

घरचे रंग वापरायचे असतील तर हळद सगळ्यात भरवशाची. दोन चिमटी हळद आणि थोडी जास्त वेलची घातली तर सुंदर लिंबाच्या सालीसारखा पिवळा येतो आणि हळदीचा वास जाणवत नाही. फक्त बऱ्याच पाककृतींत आवरण हलकं व्हावं म्हणून खायचा सोडा घालायला सांगतात, तो इथे नको. सोड्याने हळद लालसर तपकिरी होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलीच ही गोष्ट. बीटाचा रस उकळत राहिला की मातकट पडतो, म्हणून गोळीबंद पाक झाल्यावर शेवटी एकच चमचा घालून परत अर्धा मिनिट उकळा, हलका गुलाबी मिळेल. कोकमाचा रंग मोहात पाडणारा असला तरी घालू नका. तो आंबट, म्हणजे लिंबाचीच गत. हिरव्यासाठी पालक मी करून पाहिला, गोड पदार्थात त्याचा वास मला आवडला नाही. हिरवा मी विकतच्या रंगाचाच करते.

पिवळा, मग गुलाबी, मग हिरवा या क्रमाने केलंत तर मधे कढई घासावी लागत नाही, पुसून घेतली की पुरते. शेवटी कढईला चिकटलेली साखर खरवडू नका, पाणी भरून उकळलंत की आपोआप सुटते.

दोन गोष्टी जिवापाड जपायच्या. मुलीला मदत करायची हौस असेल तर लाह्या निवडणं, गार झालेले पॉपकॉर्न पुड्यांत भरणं तिला द्या, पण पाक गॅसवर असताना ती ओट्याजवळ नको. हा पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा.

दुसरी गोष्ट, वाढदिवसाला येणाऱ्या मुलांबरोबर त्यांची धाकटी भावंडं येतात. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नये, घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. बोरन्हाणाला हल्ली बोरं, हलवा, चुरमुऱ्यांबरोबर रंगीत पॉपकॉर्नही ओततात. दिसायला फार छान दिसतं, पण बाळाभोवती पडलेली प्रत्येक लाही त्याच वेळी उचलून घ्यायला एक माणूस ठेवा. माझ्या भाचीच्या बोरन्हाणात मी पॉपकॉर्न टाकूच दिले नाहीत.

आदल्या दिवशी संध्याकाळी केलेत तरी चालतं. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, जरा जरी कोमट असतील तर डब्याला आतून वाफ धरते. थंडीत आठवडाभर छान राहतात, पावसाळ्यात मी दोन दिवसांच्या वर ठेवत नाही. तिन्ही रंग वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि मुलं दारात यायला लागली की मगच परातीत एकत्र करून पुड्या भरा. पहिल्या घाण्याला पाकाची साखर व्हायला उशीर लागला किंवा रंग हवा तसा आला नाही, तर इथेच खाली लिहा, किती पाणी घातलं होतं तेही सांगा.