बेदाण्याच्या पाकिटावर 'सल्फाइट आहे' असं छापलंय. खावा की नको?

तुमचा प्रश्न असा की पिवळाधमक बेदाणा आणला, पाकिटावर 'सल्फाइट आहे' असं दिसलं, घरात सासूबाईंना दमा आहे आणि तुम्हाला स्वतःला सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत. तुम्ही खुशाल खा. सासूबाईंना देऊ नका.

माझं लहानपण तासगाव भागात, बेदाण्याच्या शेडवर गेलं. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल (मणी लवकर वाळावेत म्हणून वापरायचं तेल) घातलेल्या पाण्यात बुडवून रॅकच्या जाळीवर पसरायचे. हवा कोरडी असली की दोनेक आठवड्यांत माल वाळतो. मग धुरी. बंद खोलीत क्रेट रचायचे, घमेल्यात गंधक पेटवायचं आणि दाराच्या फटी बुजवून बाहेर यायचं. गंधकाची ज्योत निळी असते, उजेडात धड दिसतही नाही. सकाळी दार उघडलं की घसा आवळायचा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझा चुलतभाऊ दमेकरी, तो त्या बाजूला फिरकायचासुद्धा नाही.

हा धूर म्हणजे सल्फर डायऑक्साइड. मण्यातल्या ओलाव्यात तो विरघळला की त्याचं सल्फाइट होतं. कापलेलं सफरचंद ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) काळं पडतं, तेच द्राक्षातही असतं. सल्फाइट त्याला थोपवतं, वर बुरशीही धरू देत नाही. धुरी न दिलेला माल तपकिरी पडतो आणि सौद्यात मार खातो. खायला वाईट नसतो हो, आमच्या घरच्या डब्यात तोच असायचा! पिवळा रंग गिऱ्हाइकाला हवा असतो.

बेदाणा सोडला तरी सल्फाइट पुष्कळ ठिकाणी भेटतं. साखर कारखान्यात उसाच्या रसात हाच वायू सोडतात. गुऱ्हाळावर गुळाला पिवळेपणा यावा म्हणून घालतात ते हायड्रॉस याच्याच भावकीतलं. नाशिकची द्राक्षं परदेशी जातात तेव्हा पेटीत एक कागद असतो, त्यातून हा वायू हळूहळू सुटत राहतो. वाइनमध्ये तर किण्वन होताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. लिंबाच्या किंवा आंब्याच्या स्क्वॅशमध्ये ते टिकावं म्हणून घालतात ती केएमएसची पूड म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. माझ्या मामीने एकदा तीच पूड जांभळाच्या सरबतात घातली आणि तो गडद जांभळा रंग फिकट, मातकट होऊन बसला. जांभूळ-कोकमाचा रंग सल्फाइटने उडतो, म्हणून तिथे टिकवायला सोडियम बेंझोएट हे दुसरं संरक्षक वापरतात.

आता धोक्याचं. बहुतेकांचं शरीर खाल्लेल्या सल्फाइटचं सल्फेट करून लघवीवाटे बाहेर टाकतं. दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्याने धाप लागते, छाती भरते, क्वचित जिवावर बेततं. अशा घटनांनंतरच अमेरिकेने 1986 मध्ये कच्च्या खायच्या फळा-भाज्यांवर ते मारायला बंदी घातली. पदार्थात किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर आपल्याकडेही पाकिटावर तसं छापावं लागतं. कधी नावाऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे 220 ते 228 मधला आकडा असतो, तोही बघत जा. पोत्यातून सुटा मोजून घेतलेल्या बेदाण्यावर मात्र काहीच छापलेलं नसतं. सासूबाईंसाठी तो आणूच नका. कोमट पाण्यात धुतल्याने थोडं कमी होतं, पण त्यांच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नका. धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मिळतो, पण तो देण्याआधीही डॉक्टरांना एकदा विचारा.

तुमच्या सल्फाच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. त्या औषधांत गंधक असतं एवढंच, रेणू अगदी वेगळा. शांपूच्या बाटलीवरचं सल्फेटही निराळं.