पंधरावा राउंड आणि रेनकोट

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा बॉक्सिंग शिकतो. आयर्लंडच्या बॅरी मॅक्ग्विगनच्या जुन्या लढती तो सारख्या बघतो. मॅक्ग्विगन लास वेगासला फक्त उन्हामुळे हरला, हे खरं का? दुसरं, मुलाचं वजन ५९ किलो आहे. ५७च्या गटात बसायचं म्हणून तो रेनकोट घालून धावतो, पाणीही तोडलंय. चालेल का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी. चालणार नाही, आजच थांबवा.

उन्हाचं म्हणणं बरंचसं खरं, पण पूर्ण नाही. उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळच्या क्लोनिस गावच्या मॅक्ग्विगनने ८ जून १९८५ला लंडनमध्ये युसेबियो पेद्रोसाला गुणांवर हरवून फेदरवेटचं (साधारण ५७ किलोपर्यंतचा गट) जगज्जेतेपद घेतलं. पेद्रोसाने ते १९ वेळा राखलं होतं! सातव्या राउंडला त्याला खाली पाडलं उजव्या हाताने, पण मॅक्ग्विगनचं खरं हत्यार बरगडीखालचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा. गुडघे वाकवून, पुढचा पाय वळवून, कोपर अंगालगत ठेवून तो थेट यकृतावर बसतो. मुलाला तेच बघायला सांगा.

ही शैली म्हणजे न थांबता पुढे चालत राहणं. अंग त्याने लवकर तापतं. २३ जून १९८६ला लास वेगासला उघड्यावर, चाळिशीपार तापमानात स्टीव्ह क्रूझने त्याला दहाव्या राउंडला एकदा आणि पंधराव्यात दोनदा पाडलं. दोन पंचांकडे फरक फक्त एका गुणाचा होता. शेवटच्या राउंडला तो पडला नसता तर जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्याकडेच राहिला असता. लढतीनंतर पाणी कमी झाल्याने त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. पण त्याच उन्हात क्रूझ शेवटपर्यंत ठोसे मारत होता, ते श्रेय त्याचंच.

तिथली हवा निदान कोरडी. आपल्याकडे खाडीकाठी घाम वाळतच नाही, म्हणून अंग थंड होत नाही. रेनकोटात तर मुळीच नाही. शिवाय उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. ५९ किलोंवर दोन किलो म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. दोन टक्क्यांपासूनच दम आणि पायांची चपळाई घटते.

सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कोरड्या चड्डीवर वजन करा. ८०० ग्रॅम घटलं तर पुढच्या दोन-तीन तासांत साधारण लिटरभर पाणी थोडं थोडं द्या. खूप घाम गेला असेल तर ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटं नुकसान होतं. मे महिन्यात धावणं सकाळी सातच्या आत उरका. मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा लडखडला तर घाम असो-नसो, सावलीत आणून अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच रुग्णालय गाठा.

गटाचं म्हणाल तर त्याला ६०मध्ये उतरवा. वाढीचं वय आहे. मॅक्ग्विगननेही १९७८चं राष्ट्रकुल सुवर्ण सतराव्या वर्षी बँटमवेटला, म्हणजे फेदरवेटहून हलक्या गटात घेतलं होतं. फेदरवेटचा पट्टा त्यानंतर सात वर्षांनी, वरच्या गटात जाऊन.